स्वभाव: शांत

ता. ४ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. तुझ्या दातांच्या दवाखान्यात नवी खुर्ची आली हे वाचताच माझी दाढ दुखायची आपोआप थांबली.

इकडे माझी शोभा झाली आहे. संस्थेत नव्या पशुवैद्य बाई आल्यात, वयाने माझ्या निम्म्या. चोवीस वर्षं प्राणीगृहात काढलेल्या माणसाला त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, की उंदीर शेपटीला धरून उचलायचा नाही. पिंजऱ्यात नळी ठेवायची, तो आपण होऊन आत शिरेपर्यंत थांबायचं आणि नळीसकट उचलायचा. अगं, इथली माणसं शेपटी धरायला माझ्याकडून शिकली! आणि आता मीच साहेबांच्या दाराबाहेर बसावं तसा उंदराची वाट बघतोय.

मी म्हणालो, की प्रयोग संपला की मरायचेच आहेत ते, मग नळी काय आणि शेपटी काय. बाई म्हणाल्या, की त्यांचं मरण तुमच्या हातात नाही, पण त्याआधीचे नव्वद दिवस आहेत. मी भुसा बदलायला गेलो.

वर त्यांचं म्हणणं, की उंदीर मला घाबरतात. मला! मी खोलीत पाऊल टाकलं की बिचारे चिडीचूप होतात. रोजच्या तक्त्यातल्या 'स्वभाव' या रकान्यात मी चोवीस वर्षं एकच शब्द लिहितोय, शांत. घरीही तेच. चिमी सोळा वर्षांची झाली, पण बापाची चाहूल लागली की पुस्तक उघडते, शब्द काढत नाही. माझा पायगुणच तसा, त्याला मी काय करू?

दाढ सोडून बाकी सगळ्यावर लोभ असू दे.
तुझा,
भाऊ

ता. १२ जुलै

चि. भाऊस,
अ. उ. आ.

माझ्या खुर्चीत बसलेला प्रत्येक माणूस शांत असतो. तू तर सगळ्यांत शांत. मागच्या खेपेला जुन्या खुर्चीचा हात तुझ्या हातात निघून आला होता, म्हणून तर नवी घ्यावी लागली.

आपले बाबा आल्यागेल्याला कौतुकाने सांगायचे, की आमची पोरं फार शांत. तेव्हा तू पलंगाखाली असायचास आणि मी दाराआड. विसरलास?

चिमी शब्द काढत नाही हे वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मला तिची महिन्याला दोन पत्रं येतात, आठ-आठ पानांची. त्यांत काय असतं ते सांगणार नाही, ते तिचं आहे. पण घरात शिरताना तू जी शीळ घालतोस तिची नक्कल तिला फार छान येते, एवढं कळवावं असं मला वाटलं.

रागावलास तरी माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
ताई

ता. २६ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रागावलो होतोच. पण मग बाईंनी उंदरांच्या खोलीत लावलेल्या कॅमेऱ्यातलं चित्रण दाखवलं. सगळे पिंजरे गजबजलेले; कोणी घरटं करतोय, कोणी जाळीला लोंबकळतोय. एवढ्यात दार उघडतं. एक ढेरपोट्या गृहस्थ शीळ घालत येतो आणि अख्खी खोली जागच्या जागी थिजते. मी मनात म्हटलं, कोण हा राक्षस? मग चाल ओळखीची वाटली.

पुढे ऐक. सध्या चाचणी चालू आहे ती भीती कमी करणाऱ्या औषधाची. औषध घेतलेले उंदीरही इतरांइतकेच घाबरलेले, तेव्हा औषधात दम नाही असं ठरायच्या बेतात होतं. म्हणजे शंभर उंदीर फुकट मेले असते आणि नवे शंभर आणावे लागले असते. माझ्यापुढे कुठलंच औषध टिकलं नसतं, ताई.

मी बाईंकडे जाऊन कबूल केलं, की माझं चोवीस वर्षांचं 'शांत' चुकीचं आहे. फार लाज वाटली. त्यांनी 'स्वभाव' काढून 'काय करत होते' असा रकाना घातला. आज मी नळी ठेवली, हात तसाच राहू दिला, शीळ गिळली. अकरा मिनिटांनी एकजण आला, बोट हुंगलं आणि परत गेला. त्या आनंदात मी डबा खायचा विसरलो. मी! डबा!

चिमीचं लिहिलंस ते मात्र फार लागलं. घरात नळी कुठे ठेवायची ते कळत नाही.

मूर्ख असलो तरी धाकटा आहे, एवढं ध्यानात असावं.
तुझा,
भाऊ

ता. १० ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न.

आत्या, बाबांना काय झालंय? आठवडाभर ते कामावरून आले की माझ्या टेबलाजवळच्या स्टुलावर बसतात. पेपर नाही, मार्कांची चौकशी नाही, शीळही नाही. मांडीवर हात ठेवून नुसते भिंतीकडे बघतात. पहिल्या दिवशी मी पुस्तक उघडलं. ते उलटं धरलंय हे मला अर्ध्या तासाने कळलं, अशी मी हुशार.

चौथ्या दिवशी मला राहवेना. चहा हवा का, असं विचारलं तर ते एवढे दचकले की स्टुलासकट आडवे झाले. आधी मी हसले, मग तेही. आणि मग मी सुटलेच. मी सुटले की काय होतं ते तुला ठाऊक आहे. त्यांनी एकदाही मधे तोंड घातलं नाही. शेवटी डोळे पुसून म्हणाले, की सर्दी झालीये.

पुढच्या जूनमध्ये मी शिकायला बाहेरगावी जायचं म्हणतेय, हे तुला माहीत आहे, त्यांना नव्हतं. काल सांगितलं. वाटलं, आता आवाज चढणार. त्यांनी बोटांवर महिने मोजले. दहा आले. मग म्हणाले, की नव्वद दिवसांपेक्षा पुष्कळच आहेत.

म्हणजे काय गं, आत्या?

पुढचं पत्र लहान येईल, इकडेच बरंच बोलून होतं. तरी माया तेवढीच असू दे.
तुझी,
चिमी