मोरीतला बेडूक आणि मूठभर मीठ

कुंभारी, १२ जुलै, संध्याकाळ

…सात वर्षांपूर्वीची एक सकाळ. हौद भरला, मोरी घासली आणि कोपऱ्यातल्या बेडकावर मूठभर मीठ टाकलं. तेव्हा तेही रोजचंच काम होतं. बेडूक तडफडायला लागला. आमच्या यांनी गुपचूप तांब्याभर पाणी त्याच्यावर ओतलं. मला रागच आला होता. यांना जाऊन सहा वर्षं झाली, आणि आज तो तांब्या डोळ्यांपुढून हलत नाही.

वाचनालयातल्या मासिकात दुपारी वाचलं. बेडकाच्या अंगावरचा बुळबुळीतपणा ही घाण नाही, ते त्याचं औषध आहे. रोगजंतू मारणारी द्रव्यं कातडीतूनच पाझरतात. काही चांगले जंतूही तिथं राहून बुरशीला थोपवतात. आणि मीठ नेमकी तीच कातडी जाळतं. किती बेडूक जाळले असतील मी? यांना कसं कळलं होतं, न वाचता?

धाकट्या जावेला, सुमनला सांगितलं तर हसली. "बेडकाच्या वकील झालाय व्हय, आक्का? अंगावर मुतलं की चामखीळ येती. उद्या मीच टाकते मीठ."

"चामखीळ बिमखीळ काय येत न्हाय. टाकून तर बघ."

"घर काय तुमच्या एकटीचं हाय?"

हे लागलं. नवरा गेलेल्या बाईनं घरात हळू बोलावं, असं सगळ्यांनी धरलंय. मीही धरलं होतं. आता नाही. यांनी गुपचूप पाणी ओतलं, मी बोलून ओतीन.

१३ जुलै, संध्याकाळ

आज सकाळी सुमन मीठ घेऊन आली, तेव्हा मी मोरीच्या दारात पाट टाकून बसले होते. उठले नाही.