काकडं विसरले त्या दिवशी

आई, यंदा पहिल्या पावसातली शेवळांची रानभाजी मी स्वतः डोंगरावरून काढून आणली. तुला खरं वाटणार नाही. लहानपणी डोंगराचं नाव काढलं की माझे पाय दुखायला लागायचे आणि तू चिडून म्हणायचीस, "हिला आटगावला ठेसनाजवळ देऊ, तिथं चढ नाय." आणि खरंच तिथेच दिलीस. संसार चांगला झाला, तक्रार नाही. तुझे जावई गेल्या वर्षी गेले. मुलं लांब आपापल्या घरी; त्यानंतर एकटीसाठी काय शिजवायचं म्हणून मी चूल जवळजवळ बंदच केली, चहात पाव बुडवून दिवस ढकलत होते. रडूही येईना. माणसं समजूत घालायला यायची आणि माझ्याशी हळू आवाजात बोलायची, जसं काही मी काचेची आहे.

जेठ महिन्यात वहिनी आली. "ताय, चार दिस माहेराला चला. मला डोंगराव सोबत नाय." तिला सोबत कशाला लागते? जन्म त्या डोंगरात गेला तिचा. पण मी पिशवी भरली आणि शेणव्याच्या गाडीत बसले.

पहिले दोन-तीन दिवस मी नुसती चढायची आणि धापा टाकत खडकावर बसून राहायची. वहिनी पुढून सांगायची, "पाय आडवा ठेवा, पाला निसरडा हाय." एवढंच बोलणं. तिथे कुणी माझी विचारपूस करत नव्हतं, त्याचं मला फार बरं वाटलं. मग एका सकाळी कुजलेल्या पाल्यातून वर आलेला शेवळाचा जांभळट कोंब मला वहिनीच्या आधी दिसला. मी गुडघ्यावर बसले आणि एकदम तू पाठीशी उभी. मी आठ-नऊ वर्षांची आहे, अख्खा कंद उपटलाय, आणि तुझा धपाटा बसतोय. "मुळासकट काढलास तं पुढल्या साली काय खाशील? नि आधी काकडं हुडक गो, मंग शेवळांना हात लाव." या वेळी मी कंदाला धक्का लावला नाही. नुसता कोंब खुडला, पाला परत सारखा केला. तुझं निम्मं ऐकलं म्हण.

वहिनी शेतावर गेली होती, म्हणून भाजी मीच केली. किती महिन्यांनी फोडणी घातली. सुकट घातली, वाटण घातलं, आणि काकडं साफ विसरले. ती आंबट फळं पडली नाहीत तर शेवळं घसा धरतात, हे आपल्याकडच्या पोरासोरालाही ठाऊक. जेवायला बसलो. दादाने घास घेतला, थांबला, गिळला. वहिनीनेही गिळला. दोघं मान खाली घालून खातायत, कारण बहिणीचं दुःख ताजं, तिला कसं बोलायचं? मी घास घेतला तर घशात सुया टोचल्यासारखं झालं. वर बघते तो दादाचे डोळे पाण्याने भरलेले. मला म्हणतो, "बेस झालंय."

मला हसू फुटलं. वहिनी म्हणाली, "ताय, काकडं कुठं हायेत?" दादा खोकत म्हणाला, "डोंगरावच ऱ्हायलीत." मग तिघंही आमसुलाचं पाणी पीत, खोकत, पोट धरून हसलो. हसता हसता मला रडू आलं आणि चांगलं तासभर आलं. दुसऱ्या दिवशी मी वहिनीच्या आधी वाट धरली. आधी काकडं शोधली, मग शेवळं. त्या रात्री तीन भाकऱ्या खाल्ल्या, आई. आता आटगावला रोज चूल पेटते, आणि आठवड्याआड मी डोंगरावर असते. तो धपाटा घातलास, बरं केलंस.

हे पत्र कुठे टाकायचं मला ठाऊक नाही, पिठाच्या डब्यामागे ठेवीन. मुलांना सगळं सांगितलं, फक्त एक सोडून. त्या दिवशी हसताना मला ह्यांची आठवण एकदाही आली नव्हती.