बाबांची साखळी आणि बावीस नंबरचा शर्ट

लिपा, नेब्रास्का
रविवार, संध्याकाळ

तीर्थस्वरूप एमिलदादास,

धाकट्या लुमीरचा साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्ष घालायला लावू नकोस. डावा गुडघा खाली जातो, पण त्याला वर आणायला ऑर्व्हलला बोलवावं लागतं.) तिकडे ॲरिझोनात तुझा दमा कसा आहे, डोरोथीवहिनींची पाठ काय म्हणते, आणि अंगणात गवताऐवजी दगड पसरून घेतलेस ते अजून तसेच आहेत का, हे सवडीने कळव. गवत कापावं लागत नाही म्हणून तू खूश आहेस असं वहिनींनी लिहिलं होतं. ज्या माणसाला दगडांचं अंगण चालतं, त्याने इथल्या मैदानाबद्दल आठवड्याच्या आठवड्याला मत द्यावं का, हा एक प्रश्नच आहे, पण त्याकडे मी मागाहून येतो. फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. अरे, फोनवर आधी तू बोलतोस, मग तू बोलतोस, आणि माझी पाळी आली की वहिनींनी पानं घेतलेली असतात.

इकडे सगळं क्षेम आहे. मका वाळत आलाय, आठवड्याभरात कापणीला लागू. व्लास्ताच्या बेकरीतली भट्टी दुरुस्त झाली. आणि तुझ्या नातवावरून गावात उभी फूट पडली आहे.

तू म्हणशील, लुमीर वाढवून सांगतोय. मी वाढवत नाही. सकाळी सात ते साडेआठ बेकरीतल्या खिडकीजवळच्या टेबलावर जे काही चालतं ते तू ऐकायला हवं होतंस. या शुक्रवारच्या आधी शाळेच्या फुटबॉलचे चार सामने झाले, त्यात तुझ्या वेसने एक्केचाळीस वेळा चेंडू घेऊन धाव घेतली आणि सगळे मिळून अडुसष्ट यार्ड काढले. व्लास्ताने हा हिशेब मैद्याच्या रिकाम्या पोत्यावर कोळशाने लिहून भिंतीला लावला होता. खेपेला साधारण दीड यार्ड. चार खेपांत दहा यार्ड काढले तर चेंडू आपल्याकडे राहणार, आणि दीड चोक सहा, हे ती येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला पावाबरोबर बांधून देते. तिच्या मते खसखस भरलेली गोड कोलाची भट्टीतून काउंटरवर येते ती वेसपेक्षा जास्त चालते. अर्ध्या गावाचं म्हणणं, पोराला बसवा आणि त्या एफ्राईनला सुरुवातीपासून खेळवा. (एफ्राईन म्हणजे इश्कॉय कुटुंबातला. तू गेल्यानंतर आले ते, वडील मांसाच्या कारखान्यात आहेत. पोरगा सरावात असा सुटतो की कुत्रीसुद्धा मागे लागायचा नाद सोडतात.) उरलेल्या अर्ध्या गावाचं म्हणणं, आडनाव कोवारिक, अंगात बावीस नंबरचा शर्ट, आणि मैदानाच्या फाटकावरच्या पाटीवर आजोबांचं नाव वीतभर अक्षरांत, अशा पोराला बाकावर बसवायचं म्हणजे देवळातला देव हलवण्यातला प्रकार. ऑर्व्हल दोन्ही बाजूंचा आहे. तो ज्याच्या शेजारी बसतो त्याच्या बाजूने बोलतो, आणि तो जागा फार बदलतो. प्रशिक्षक ड्रेस्लर बिचारा हल्ली कॉफी न्यायला मागच्या दाराने, मैद्याच्या खोलीतून येत होता. गेला आठवडाभर त्याचे दोन्ही खांदे पांढरे होते.

आता मी या सगळ्यात कुठे? मी कुठेच नाही, आणि तेच माझं दुखणं आहे. बाबांच्या मागे तेवीस वर्षं साखळीचा पुढचा खांब मी धरतोय. मागचा ऑर्व्हल धरतो. दहा यार्डांची साखळी ओढून मैदानाच्या कडेला उभं राहायचं, पंचाने हात केला की आत नेऊन मोजायचं, आणि सामनाभर तोंडातून अक्षर काढायचं नाही. टाळी नाही, हुंकार नाही, सुस्कारासुद्धा नाही. नारिंगी बंडी घातली की माणसाला गाव नसतं, असं बाबा म्हणायचे. तुझा नातू माझ्यापासून तीन हातांवर चार जणांखाली दडपला जातो तेव्हा मी मक्याकडे बघतो. या मोसमात मी मका इतका बघितलाय की कीड कुठल्या ओळीत आहे ते सांगेन. बंडी उतरवल्यावरही मी ही शिस्त पाळतो, बेकरीत मत देत नाही. फक्त गेल्या मंगळवारी माझं डोकं फिरलं. व्लास्ताने दीड चोक सहा सुरू केलं आणि मी टेबलावर हात आपटून म्हणालो की पोराला कशाला बोल लावता, साखळीच लांब झाली असेल. पन्नास वर्षं तीच साखळी, दर शुक्रवारी दोन्हीकडून ताणतात, लोखंड झालं म्हणून काय झालं, तेही वाढतं. बिचारं पोर साडेदहा यार्ड पळतं आणि आपण त्याला नऊ म्हणतो. मला वाटलं, मारली बाजी. मग व्लास्ताने हातातला पीठ लागलेला टॉवेल खांद्यावर टाकला आणि इतकंच म्हणाली, "मग मोज ना."

आलं का लक्षात? तेवीस वर्षं मी त्या साखळीने गावाला मोजलं, पण साखळी मोजायचं माझ्या मनात कधी आलं नव्हतं. गुरुवारी दुपारी समाजाच्या हॉलमध्ये, जिथे तुझं लग्न झालं त्याच फरशीवर, लाकूडवाल्याकडची गालिचे मोजायची लांब फीत आणून आम्ही दोघं बसलो. एका टोकाला व्लास्ता, दुसऱ्या टोकाला गुडघ्यावर मी (वर यायला ऑर्व्हल नव्हता, व्लास्ताने काखेत हात घालून उठवलं, हे गावात सांगू नकोस). साखळी लांब निघाली नाही, एवढंच इथे लिहितो. शुक्रवारी सकाळी व्लास्ताने बेकरीत जाहीर केलं की साखळी चोख आहे, लांब आहे ती लुमीरची जीभ. सगळे हसले. मी कॉफी प्यायलो आणि गप्प बसलो, जे तुझ्या माहितीतला लुमीर करत नाही.

त्या शुक्रवारचाच सामना, क्लेटन फोर्कशी. एफ्राईनचे वडील, तोमासराव, पहिल्यांदाच आले होते, कारखान्यातून सुट्टी घेऊन, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि नेमके माझ्या मागे दोरीला टेकून उभे. त्यांच्या गावी फुटबॉल म्हणजे पायाने खेळतात. त्यामुळे अर्धा सामना ते कुणीतरी चेंडूला लाथ मारेल याची वाट बघत होते, आणि शेवटी एकदा नाइलाज झाला म्हणून आपल्या संघातल्या एका पोराने चेंडू लाथेने लांब उडवला, तेव्हा एकट्याने टाळ्या वाजवल्या. मला इतकं हसू आलं की बंडीची गुंडी तुटली. पण हसू तिथेच संपलं. पुढच्याच वेळी चौथी खेप, एक यार्ड हवा, आणि ड्रेस्लरने चेंडू वेसच्या हातात दिला. ढीग पडला. ढीग उठला. पंचाने हात केला. मी आणि ऑर्व्हल साखळी घेऊन आत गेलो, ऑर्व्हलने मागचा खांब रोवला, मी पुढचा ताणला, आणि चेंडूचं नाक खांबापासून चार बोटं अलीकडे. नुसती चार बोटं, दादा. पोराने हेल्मेटच्या जाळीआडून माझ्याकडे बघितलं. मी खांब सरळ धरला. आमच्याच बाजूच्या बाकांवरून कुणीतरी ओरडलं की आजोबा असता तर वाकून गेला असता, आणि ते पोराने ऐकलं.

उत्तरार्धात ड्रेस्लरने देवाचं नाव घेऊन एफ्राईनला चेंडू दिला. वेस बाहेर जायला निघाला, मग थांबला, ड्रेस्लरच्या कानाशी काहीतरी बोलला आणि आत परत गेला. एफ्राईनच्या पुढे उभा राहिला. चेंडू सुटल्याबरोबर त्याने समोरच्या दोघांना असं आडवं केलं की एक जण उठून चुकीच्या बाजूला चालू लागला. मधून एफ्राईन निघाला तो एकसष्ट यार्ड. सगळे त्याच्यामागे ओरडत धावले, तोमासराव तर दोरीखालून आतच शिरले. मी (बंडी आहे ना) मक्याकडे बघायला म्हणून मान वळवली, तर वाटेत वेस दिसला. गवतात उताणा पडला होता आणि एकटाच हसत होता. या मोसमात मी त्याला हसताना पहिल्यांदा बघितलं. सामना आपण तीन गुणांनी हरलो, पण शनिवारी बेकरीत भांडण नव्हतं. व्लास्ताने पोतं उतरवलं. चेंडू एफ्राईनने न्यायचा, वाट वेसने करायची, हे सगळ्यांना एकदम कळलं. ड्रेस्लर पुढच्या दाराने आला.

आणि आज दुपारी त्याने पोरांना सांगितलं की येत्या शुक्रवारी पुन्हा वेसच धावणार. मी त्याला गाठून विचारलं. तो जमिनीकडे बघत म्हणाला, एमिलचा फोन आला होता. ड्रेस्लरने लहानपणी तुझी सही घेतली होती म्हणे, अजून जपून ठेवलीय, अशा माणसाला नाही कसं म्हणणार. तर इथे आला तो दगडांच्या अंगणाचा प्रश्न.

चार वाजता वेस माझ्याकडे थंडीच्या जादा खिडक्या बसवायला आला. तुझ्यासारखाच, खिडकी बसवताना जीभ बाहेर काढतो. मी काही विचारलं नाही. शेवटची खिडकी बसल्यावर तोच म्हणाला, "आजोबा, मला पळायला आवडत नाही. पळताना सगळे मला पकडायला येतात. पुढे उभं राहून वाट केली की कुणीतरी माझ्यामुळे सुटतं. ते मला जमतं." मी म्हटलं, मग सांग की ड्रेस्लरला. तर म्हणाला, "एमिलआजोबांनी जाताना शर्ट माझ्या हातात दिला होता. त्यांना सांगू नका हं." मी कबूल केलं. म्हणून मी तुला सांगत नाहीये, लिहितोय.

दादा, मला त्या पोराचं फार वाईट वाटतं. सतरा वर्षांचं पोर, अंगात तुझा शर्ट घालून दर शुक्रवारी दीड-दीड यार्ड मार खातंय, आणि जे त्याला येतं ते करायला लाजतंय. मी सांगितलं तर तो ऐकणार नाही. मी नुसता खांब धरणारा.

बाकी नवीन काही नाही. वहिनींना नमस्कार. औषधं वेळेवर घे. सोबत व्लास्ताने खसखशीच्या कोलाचींचा डबा दिलाय, दम लागत असेल तर एका बैठकीत सगळ्या खाऊ नकोस.

तुझा धाकटा भाऊ,
लुमीर

ता. क. – पत्र तसं ख्यालीखुशालीचंच आहे, पण एक काम आहे. येत्या गुरुवारी सहानंतर वेसला फोन कर. खिशातला उचलत नाही, घरचा लाव. एवढंच सांग की बावीस नंबर पळायलाच हवा असं काही नाही, वाट केली तरी चालतं. दोन वाक्यं. अडुसष्ट सालची गोष्ट काढू नकोस.

ता. क. २ – अडुसष्ट सालची गोष्ट निघालीच आहे म्हणून. साखळी लांब निघाली नाही असं वर लिहिलं, ते खरं आहे. ती सात इंच आखूड निघाली. मधोमध तारेची एक गाठ आहे, डावीकडे पिळलेली, दोन वेढे. डावखुऱ्या बाबांखेरीज अशी गाठ या तालुक्यात कुणी मारत नव्हतं. तिथल्या कड्या कधीतरी तुटल्या असतील आणि त्यांनी होतं ते जोडून घेतलं असेल. गाठीजवळ त्यांनी खिळ्याने साल कोरलंय, अवजारांवर कोरायचे तसं: अडुसष्ट, ऑगस्ट. मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, ज्या माणसाने उपासाच्या दिवशी सशाला गोळीसुद्धा घातली नाही तो काय करणार. शिवाय दोन्ही संघांना आखूडच. पण जिल्ह्याच्या सामन्यात तुझा चेंडू चौथ्या खेपेला दोन बोटं पुढे निघाला, ज्याच्यामुळे ती फाटकावरची पाटी लागली, तो त्याच ऑक्टोबरात. आणि पुढचा खांब बाबांनी धरला होता. गुरुवारी संध्याकाळी मी ऑर्व्हलच्या शेडमधल्या कड्या घालून साखळी पुरी केली. शुक्रवारी पोराला चार बोटं कमी पडली ती या पुऱ्या साखळीवर. बाबांच्या साखळीवर तो पोचला होता, दादा. तिथे उभा असताना मला ते ठाऊक होतं, आणि मी खांब सरळ धरला. तुला सात इंच मिळाले, त्याच्याकडून मी काढून घेतले. आता तेवढी भरपाई तुझ्याकडे आहे.

ता. क. ३ – ही धमकी नव्हे. मी कुणाला बोललेलो नाही. फितीचं दुसरं टोक व्लास्ताच्या हातात होतं खरं, पण तेव्हा आपल्या डोळ्यांवर चष्मा नव्हता असं ती म्हणते. तो येत्या गुरुवारी रात्रीपर्यंत सापडणार नाही, असंही तिने मला कबूल केलंय.