खेमराजचा डावा कान

९ ऑक्टोबर १९५८, गुरुवार

तुडूम उघडत नाही! पाणी सोडायच्या मोरीचं लाकडी बूच फुगून बसलं आहे. वर तळं काठोकाठ, खाली धान तहानलेला — आणि लोंबी भरायचे हेच दिवस. बिसराम धीवराला सांगावा धाडला. तीन पुरुष पाण्यात श्वास कोंडून काम करणारा तोच एक.

सायंकाळी तळ्याच्या पाळीवर दुधराम भेटला. म्हणे, "गुरुजी, तुमचा खेमराज इमान चालवते म्हनता. साहा वर्सं झाले, आमी त नाई पाह्यलो बा!" सारे हसले. मीही हसलो. काय करणार! कलकत्त्याला जाताना आमच्या डोक्यावरून जात असेल. खाली तर उतरत नाही.

मी तरी कुठे पाहिलं आहे?

११ ऑक्टोबर

खेमराज आला! दोन वर्षांनी. चार दिवसांची रजा — तीही शिंकतच घालवणार, असं दिसतं.

सोबत एक लोखंडी टाकी, पट्टे, रबरी नळी. हिने विचारलं, "धानावर माराचा पंप आणला का रे?" खूप हसला. टाकीत हवा भरलेली असते म्हणे. ती पाठीवर बांधायची, नळी तोंडात धरायची, की पाण्याखाली अर्धा तास बसता येतं. मुंबईत नौदलातल्या मित्राने शिकवलं. सुटी मिळाली की समुद्रात उतरतो.

"वर गेलं का खाली गेलं, बाबूजी, शांतता सारखीच."

सुटी मिळते तर! समुद्राला मिळते. शांतताच हवी तर आमच्या अंगणात काय कमी आहे? बोललो नाही. इथे लिहितो.

तेहतीस वर्षं पोरांना आभाळाच्या कविता शिकवल्या. चालीवर, टाळ्या वाजवून. याचा आवाज सगळ्यांत वर जायचा. तेव्हाच कळायला हवं होतं. विहिरीच्या, बांधाच्या कविता शिकवल्या असत्या तर!

१२ ऑक्टोबर

बिसराम सकाळीच आला, अंगाला तेल चोळून. पाळीखालीच अडवला. म्हटलं, "आज नको. खेमराज उतरेल."

"मी आलो न आता, गुरुजी. पोराले कायले?"

"जा म्हटलं न!"

गेला. घरी सांगितलं — बिसराम तापाने पडला आहे, आता तूच. खोटं बोललो. या वयात!

खेमराज म्हणाला, "सर्दी आहे मले. डावा कान बंद आहे. असा कान असला तर आम्ही विमान नाही चढवत, अन् पाण्यातही नाही उतरत. दाब बसला का पडदा फाटते. दोन दिवस थांबू. काकाचा ताप उतरेल."

पायलट म्हणे! नाक गळतं म्हणून घरी बसतात.

मी म्हटलं, "आभाळाले भेत नाहीस अन् सर्दीले भेतेस? गावाचा धान वाळून राहिला." मागे दुधराम उभा होता. त्याच्यासाठीच जरा मोठ्याने बोललो.

खेमराजने माझ्याकडे पाहिलं. "बरं. पाहू." जेवून गावात फिरायला गेला. दिवे लागताना परतला, म्हणाला, "उद्या सकाळी उतरतो, बाबूजी."

१३ ऑक्टोबर

सारं गाव पाळीवर! तिरोड्याकडचे पाहुणेसुद्धा. खेमराज टाकी बांधून, तोंडात नळी धरून पाण्यात गेला. मग नुसते बुडबुडे. बायांनी पदर तोंडाला लावले. मला बुडबुड्यांवर ओळी सुचू लागल्या. लाज वाटते लिहायला, पण सुचल्या —

जळात निजले निळे गगन हे,
तयात माझा विहंग गेला...

पाव तास. मग कालव्यात पाणी धडधडत आलं. दुधराम ओरडला, "पोट्टा नाई गुरुजी, मगर होय मगर!" माझी छाती अशी फुगली! जन्मात फुगली नव्हती.

वर आला तो कान धरून. मानेवर रक्ताची बारीक रेघ. जमिनीवर पाय ठरेना, बाभळीला धरून उभा राहिला. "काही नाही," म्हणाला.

हिने लसणाचं कोमट तेल केलं. तो नको नको म्हणत होता. मी त्याचे हात धरले आणि हिने कानात ओतलं.

१४ ऑक्टोबर

गेला. आजचा दिवस रजा होती तरी. सौंदडला गाडीत बसवून आलो. टाकी मागे ठेवून गेला.

२ नोव्हेंबर

पत्र. कान वाहतो आहे. गढूळ पाणी आत गेलं, वरून तेल. नागपूरच्या डॉक्टरने विचारलं म्हणे, कोणत्या शहाण्याने घातलं? शहाणा मी.

१९ नोव्हेंबर

धान कापणीला आला. भारे उचलवत नाहीत एवढा! दुधराम नवे तांदूळ देऊन गेला. "खेमराजच्या पुण्याईनं, गुरुजी." हिने भात केला. मी ताट पुढे सरकवलं.

२८ नोव्हेंबर

विमान बंद. कायमचं. तपासणी झाली, डाव्या कानाने ऐकू येत नाही, असं लेखी दिलं. कंपनीने मेहेरबानी केली — टपालाच्या थैल्या मोजायला बसवला.

मेले कागदाचे लोक! एका कानासाठी?

आणि हा तरी? एवढा शिकलेला, सहा वर्षं दुनिया पाहिलेला. बापाला 'नाही' म्हणता आलं नाही? मी म्हातारा, मला काय कळतं दाबाबिबाचं! त्याला कळत होतं. मग उतरला काऊन? माझ्या माथी पाप ठेवायला?

असंच म्हणत दिवस काढतो. खरं काय ते बिसरामला ठाऊक. पाळीवर दिसला की मी वाट बदलतो.

७ डिसेंबर

खेमराज एका दिवसासाठी आला. आता त्याच्या उजव्या बाजूला बसून बोलावं लागतं. बसलो. सांगून टाकलं — बिसरामला ताप नव्हता.

"माहीत होतं, बाबूजी. त्याच दुपारी काका भेटले. जाळं विणत होते."

"मग उतरलास काऊन?"

"उडताना त तुम्ही मले कधी पाह्यलंच नाही."