तिसऱ्यांदा कात्री

८ नोव्हेंबर

झालं एकदाचं! थोमाईसचे केस कापले. माझी सख्खी धाकटी बहीण आता जोगीण – म्हणजे सम्राटाच्या लग्नाच्या बोलण्यातून कायमची बाद. राजमाता मागेच म्हणाल्या होत्या, "तुझी बहीण फार शहाणी. मला सून हवी, सल्लागार नको. ती मठात गेली तर तुझ्या मुलीचं बघू."

धर्मगुरू कात्री खाली टाकतात. जोगीण होणारीने ती उचलून त्यांना द्यायची, तीनदा, बळजबरी नाही हे दिसावं म्हणून. दोनदा दिली तिने. दारात राजवाड्याचे शिपाई, न देऊन करते काय? तिसऱ्यांदा मात्र हात मागे घेतला. मग मीच वाकले. कात्री तिच्या मुठीत कोंबली, मनगट धरून हात पुढे केला. धर्मगुरू मेथोदिओस छताकडे बघत होते.

"ताई, तुझी बोटं किती गार पडलीत," एवढंच म्हणाली ती.



२ डिसेंबर

लग्न ठरलं! चाळीस दिवसांचा मोठा उपवास लागायच्या आधी. माझी आन्थूसा सम्राज्ञी होणार. तिने विचारलं, "मावशी स्वतःहून गेली ना?" म्हटलं, "तीनदा कात्री दिली की. सगळ्यांनी बघितलं." पोटच्या पोरीशी खोटं बोलले.

१४ डिसेंबर

सम्राटांचे कोणीतरी कान भरले. बळजबरीने कापलेले केस धर्माला मान्य नाहीत. उद्या थोमाईसला दरबारात बोलावलंय. ती खरं बोलली की लग्न मोडलं, आणि माझी रवानगी हद्दपारीच्या बेटावर.

१५ डिसेंबर

ती आली. काळ्या वस्त्रात, मान ताठ. सम्राटांनी विचारलं, "तिसऱ्यांदा कात्री कोणी दिली?"

"मी. स्वखुशीने."

बाहेर मी तिचा हात धरायला गेले. तिने सोडवून घेतला. "तुझ्यासाठी नाही बोलले, ताई. आन्थूसाला आईवेगळी करून मला काय मिळणार होतं?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि तरी – लिहायचीही लाज वाटते – पालखीत बसल्यावर पहिलं मनात आलं ते हेच, की लग्न वाचलं. शी!

१६ डिसेंबर

आरशात बघवत नाही.

२० डिसेंबर

सम्राज्ञीचे तांबडे जोडे मापाला आले. आन्थूसा पाय पुढे करेना.

"मावशी दरबारात खोटं बोलली. हो ना, आई?"

"काहीतरीच तुझं."

"मी बायकांच्या सज्जात होते. ती बोलत होती तेव्हा मी तुझ्या तोंडाकडे बघत होते."

मी जोड्यांचे बंद सोडत बसले. मग तीच म्हणाली, मठात जाऊन मावशीला एकदा भेटून येते. म्हटलं जाऊ दे, पोरीचा राग निवळेल. दासी बरोबर दिली.

२१ डिसेंबर

दासी एकटीच परत आली. थोमाईस रडत अडवत होती म्हणे, पण आन्थूसाने ऐकलं नाही. तिन्ही वेळा स्वतः वाकून कात्री उचलली.