लाईट भाऊच्या हातात

म्हसावद,
२ एप्रिल २०२५

ती. रंजनाफुईस,
सीमाचा शि. सा. न. वि. वि.

तुला फोनवर नीट ऐकू येत नाही आणि मोबाइलवरची अक्षरं म्हणजे तुला मुंग्यांची रांग, म्हणून पत्रच लिहिते. फुई, लग्न नऊ मेला पक्कं झालं! बस्ता आटोपला. आई येता-जाता साड्या उलगडते आणि पुन्हा घड्या घालते. फोटोवाला शहाद्याचा आहे, त्याच्याकडे ड्रोनसुद्धा आहे. परवा त्याने आम्हा दोघांना तोरणमाळला नेलं आणि तळ्याकाठी इतकं पळवलं की नवरदेवाची चप्पल तुटली. फोटोत ते अनवाणीच आहेत.

अडचण एकच आहे. अल्बमच्या पहिल्या पानावर मला आप्पा हवेत. ते गेले तेव्हा मी चार वर्षांची. चेहरा म्हणून आठवतो तो मतदार कार्डावरचा, नुकतंच पोलिसांनी धरल्यासारखा. आई-आप्पांच्या लग्नाचा अल्बम वाळवीने खाल्ला. तू त्यांची एकुलती बहीण, तुझ्या लग्नाच्या फोटोंत तर ते असणारच. एक तरी शोधून पाठव. त्यांच्याशिवाय तो अल्बम मला माझा वाटणार नाही.

माया आहेच, ती अशीच राहू दे.
तुझी,
सीमा

तळोदा,
९ एप्रिल २०२५

चि. सीमास,
अ. उ. आ.

तारीख कळली आणि मी सगळ्या गल्लीला चहा पाजला. माझ्या लेकाने, मिथुनने, लगेच सूट शिवायला टाकला. म्हणतो, एकाही फोटोतून मला वगळायचं नाही. याला स्टेजवरून उतरवायला माणसं लागतील बघ.

पण पोरी, तुझं काम काही झालं नाही. अल्बम पुन्हा पुन्हा पालथा घातला, भाऊ कुठेच नाही. आमचा फोटोवाला होता दिवाल्या. ऐन हळदीत त्याचा फ्लॅश बिघडला. मग भाऊने व्हिडिओवाल्याचा तो मोठा लाईट उचलला आणि पाठवणी होईपर्यंत दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. सगळं लग्न त्याच्या उजेडात निघालं. उजेड धरणारा फोटोत कुठून येणार?

त्यात अल्बमही असा की सासरचे अजून चिडवतात. एक माणूस सरळ कॅमेऱ्याकडे बघेल तर शपथ. जो तो डावीकडे बघून दात काढतोय. पाठवणीचा फोटो तर अर्धा काळा आलाय. तरी उद्याच्या गाडीने अल्बम पाठवते. तुझ्या आईला बघू दे, तिला जुनी माणसं भेटतील.

मन लहान करू नकोस.
आशीर्वाद देणारी,
तुझी फुई

म्हसावद,
१५ एप्रिल २०२५

ती. फुईस,
शि. सा. न. वि. वि.

फुई, आप्पा सापडले! आधी खाली बस, मग पुढचं वाच.

अल्बम आला त्या संध्याकाळी मी पानं उलटली आणि हिरमुसून बाजूला ठेवला. आईने चष्मा लावून घेतला. पहिल्या फोटोपासूनच ती हसायला लागली. तुझ्या सासूबाईंच्या तोंडात अख्खा लाडू आणि त्या डावीकडे बघून हसतायत. आजोबांच्या मिशा थरथरतायत, तेही डावीकडे. मी विचारलं की या सगळ्यांनी तिकडे काय बघितलं होतं. आई थांबली आणि मला म्हणाली, “या सम्दा तुन्हा बापकडेच देखी ऱ्हायनात.”

मी अल्बम पुन्हा पहिल्यापासून बघितला, खरंच सगळे आप्पांकडेच बघत होते. फुई, मतदार कार्डाने मला आप्पांचे नाक-डोळे दाखवले. पण ते आले की माणसांचे चेहरे कसे व्हायचे, हे मला कुणी दाखवलंच नव्हतं. आई सांगते, ते लाईटमागून फोटोवाल्याची नक्कल करायचे. मी पोटभर रडले आणि पोटभर हसलेही.

आता एवढंच सांग, पाठवणीचा फोटो अर्धा काळा का? त्यात तूही डावीकडेच बघतेस, पण हसत नाहीस.

उत्तराची वाट बघणारी,
सीमा

तळोदा,
१९ एप्रिल २०२५

चि. सीमास,
अ. उ. आ.

तुझं पत्र हातात घेऊन मी दिवसभर घरात फिरत होते. तुझ्या आईला कळलं ते आम्हाला इतकी वर्षं कळू नये, कमाल आहे.

पाठवणीचं सांगते. मी गाडीत पाय ठेवला आणि एकदम अंधारलं. दिवाल्या भाऊवर ओरडला, लाईट वर धर म्हणून. मी वळून बघितलं. लाईट खाली झुकला होता आणि भाऊ सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसत होता. तेवढ्यात दिवाल्याने बटण दाबलं. त्या फोटोला मी वाया गेलेला म्हणते खरी, पण काढून कधी टाकला नाही.

पहिल्या पानावर तोच लाव. माझं ऐक.
तुझी फुई

खांडबारा,
२ जून २०२५

ती. फुईस,
शि. सा. न. वि. वि.

सासरी रुळतेय. इथे सगळे मायेचे आहेत आणि रेल्वेच्या शिट्टीचीही सवय झाली.

काल अल्बम आला! पहिल्या पानावर तुझा अर्धा काळा फोटो आहे, आणि इथे प्रत्येक जण त्याबद्दल विचारतो. मी प्रत्येकाला सगळं सांगते. पण तुझा मिथुन, एवढा सूट शिवून, अल्बमभर कुठेच नाही. त्याने फोटोवाल्याचा लाईट स्टँडवरून काढून हातात घेतला होता, हे तुला ठाऊकच आहे. ग्रुप फोटोत आम्ही सगळे डावीकडे बघून हसतोय. सगळ्यात जास्त तू.

शेवटचा फोटो माझ्या पाठवणीचा आहे. फोटोवाला हळहळत होता की तो नीट आला नाही, कॉम्प्युटरवर उजळून देतो. मी त्याला हात लावू दिला नाही. फुई, तोही अर्धा काळा आलाय.

मिथुनला सांग, मी बघितलं होतं.

तुमच्याच घरची,
सीमा