भारी पेट्रोल आणि न लागणारा ब्रेक

जावईबापू,

गाडीची किल्ली शोधू नका, माझ्याजवळ आहे. नातीला मी चालत शाळेत नेते आहे.

काल शाळेच्या उतारावर गाडी थांबली नाही, फाटकाला जाऊन घासली. "आईला सांगू नकोस," असं तुम्ही पोरीला बजावलंत. तिने आईला नाही सांगितलं, मला सांगितलं.

ब्रेक कधीपासून किंचाळतो आहे. दाखवा म्हटलं, तर म्हणालात, "आई, तुम्हाला गाडीतलं काय कळतं? मी तिला सगळ्यात भारी पेट्रोल पाजतो." टाकीच्या झाकणामागे साधं पेट्रोल भरा असं छापलंय. मी म्हातारपणी अक्षरं शिकले, तरी वाचलं. ते भारी पेट्रोल शर्यतीच्या गाड्यांना लागत असेल. शाळा-बाजार करणाऱ्या या डबड्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. पळायला उंची पेट्रोल आणि थांबायला देवाचा धावा, हे माझ्या नातीला आत बसवून चालणार नाही.

मेकॅनिकला घरी बोलवा. किल्ली मी त्याच्या हातात देईन, तुमच्या नाही.

चिठ्ठी फ्रीजवर लावली आहे. माझी लेक कामावरून यायच्या आत तिला फोन करून कालचं सांगा, नाहीतर ती इथेच वाचेल.

– सासू